मदत हवी आहे: ब्रुकलिनमधील पिझ्झेरिया आणि चीजमधील रेनेट

ब्रुकलिनमधील बेन्सनहर्स्ट या जुन्या इटालियन-अमेरिकन वस्तीतील आणि तिच्या आसपासचे पिझ्झेरिया मी सध्या एकेक करून पाहत आहे. जवळच्या ग्रेव्हसेंडमधील, १९३९ पासूनच्या 'एल अँड बी स्पुमोनी गार्डन्स'चा चौकोनी सिसिलियन पिझ्झा, ज्यात चीज खाली आणि सॉस वर असतो, मला इतका आवडला की भेटीला येणाऱ्या शाकाहारी आई-बाबांनाही या भागात न्यायचे ठरवले आहे.

अडचण चीजची आहे. पेकोरिनो रोमानो हे मेंढीच्या दुधाचे चीज कोकराच्या जठरातील रेनेट (दूध घट्ट करणारा पदार्थ) वापरून करतात, आणि ते पिझ्झावर किसून घालतात किंवा सॉसमध्येही मिसळतात. त्यामुळे नुसता चीजचा पिझ्झा मागवून भागत नाही. दोन दुकानांत चौकशी केली, पण "मांस नाही" एवढेच उत्तर मिळाले. बिनचीजचा मारिनारा हा पर्याय मला माहीत आहे, मात्र बाबांना चीजचाच खायचा आहे. त्यांना फार चालवत नाही, म्हणून बे पार्कवे स्थानकाजवळचे ठिकाण सोयीचे होईल.

पेकोरिनो न घालता, सूक्ष्मजीवजन्य रेनेटच्या मोझरेलाचा पिझ्झा एटीसिक्स्थ स्ट्रीट किंवा एटीन्थ अव्हेन्यूवर कोठे मिळतो, आणि काउंटरवर नेमके कोणत्या शब्दांत विचारावे?