अनुभव धागा: तुमची पहिली ओएसपीएफ नेबरशिप (ओएसपीएफ म्हणजे राउटरांनी शेजारच्या राउटरशी, म्हणजे नेबरशी, ओळख करून वाटा आपणच ठरवायची पद्धत)

ऐरोलीकर:
पुतणी डिप्लोमाला आहे. काल पॅकेट ट्रेसरवर (नेटवर्कच्या सरावाचं सॉफ्टवेअर) तीन राउटर जोडत होती, तेवढ्यात 'लोडिंग टू फुल' (नेबर पूर्ण जुळला) अशी ओळ आली आणि मला महापे एमआयडीसीतली पहिली नोकरी आठवली. ऑफिस महाप्याला, गोदाम रबाळ्याला, सगळे रूट स्टॅटिक, म्हणजे हाताने लिहिलेले. बॅकअप लाइन असूनही मुख्य लिंक पडली की कुणीतरी हाताने रूट बदलायचं, रात्री दोन वाजतासुद्धा. ओएसपीएफ लावल्यावर सरांनी चालू केबल उपसली. पिंग जरा अडखळलं आणि दुसऱ्या वाटेनं सुरू! प्रत्येक राउटरकडे अख्ख्या एरियाचा (राउटरांच्या गटाचा) नकाशा असतो, जवळची वाट तो स्वतःच काढतो. हे डोळ्यांनी बघण्यात जी मजा आहे ती पुस्तकात नाही. लिहा तुमचंही.

घणसोली_नाइटशिफ्ट:
एक्सस्टार्टला (माहितीची देवाणघेवाण सुरू व्हायची पायरी) अडकलेला नेबर!! हॅलो (ओळखीचे मेसेज) येतायत, दोन्हीकडे एरिया 0, तरी पुढे सरकेना. एकीकडे एमटीयू (पॅकेटचा कमाल आकार) 1500, दुसरीकडे 1400 निघाला. कुणाचा अडकला असेल तर आधी तेच बघा. बाकी नंतर लिहिते, कुकर झालाय.

वाशी_खाडीपूल:
आमच्याकडे नेबर दिसतच नव्हता. हॅलो दर 10 सेकंदांनी, डेड (नेबर गेला असं धरायची मुदत) 40 सेकंद असतात, व्हेंडरने एकाच बाजूला बदलून ठेवलेले. वाइल्डकार्ड मास्क (सबनेट मास्कचा उलटा) मात्र ठाणे स्टेशनजवळच्या क्लासमध्ये पक्का झाला होता, 255.255.255.0 चा 0.0.0.255.

कळव्याची_ताई:
जिन्याखाली वडापाववाला होता तोच क्लास का??

वाशी_खाडीपूल:
हो ताई, तोच! तुमची बॅच कुठली?

कळव्याची_ताई:
सकाळची. सात वाजता लॅब, मग धावत ट्रान्सहार्बर पकडायची.

कोपरखैरणे_से१९:
कॉस्टबद्दल (वाटेची किंमत, कमी असेल ती वाट निवडली जाते) कुणीच लिहिलं नाही. सिस्कोवर रेफरन्स बँडविड्थ 100 एमबीपीएस धरलेली असते, तिला लिंकच्या वेगाने भागलं की कॉस्ट, आणि ती 1 च्या खाली जात नाही, म्हणून 100 चं फास्ट इथरनेट आणि 1000 चं गिगाबिट दोघांची कॉस्ट 1. नवी गिगाबिट लिंक घेऊनही आमचा अर्धा ट्रॅफिक जुनीवरून जायचा. ऑटो-कॉस्ट कमांडने ही रेफरन्स बँडविड्थ वाढवा, आणि सगळ्या राउटरवर सारखीच.

ऐरोलीकर:
पुतणीला पाठवलं. आज तिने एका स्विचवर पाच राउटर लावलेत. एकावर दोन नेबर टू-वेलाच (नुसती ओळख झाल्याची पायरी) थांबलेत, घाबरलीये.

घणसोली_नाइटशिफ्ट:
अहो, बरोबर आहे ते. डीआर-बीडीआर (त्या स्विचवरचा मुख्य राउटर आणि त्याचा बॅकअप) सोडून बाकीचे आपसात टू-वेलाच राहतात. शाब्बास म्हणा तिला.

कळव्याची_ताई:
आणि पीसीकडच्या पोर्टला पॅसिव्ह-इंटरफेस लावायला सांगा, तिथे हॅलो पाठवून उपयोग नाही.