सब्स्टिट्यूट आणि रिप्लेसमेंट
'सब्स्टिट्यूट' काय नि 'रिप्लेसमेंट' काय, दोन्ही म्हणजे बदली माणूस, एकच, असं काहीजण म्हणतात. क्रिकेटमध्ये तरी ते चालत नाही. सब्स्टिट्यूटने फक्त क्षेत्ररक्षण करायचं, बॅटिंग-बोलिंग नाहीच. २००५च्या अ‍ॅशेसमध्ये (इंग्लंड-ऑस्ट्रेलिया कसोटी मालिका) ट्रेंट ब्रिज मैदानावर इंग्लंडचा गॅरी प्रॅट असाच बदली म्हणून आला आणि थेट फेकीवर ऑस्ट्रेलियाचा कर्णधार पाँटिंगला धावबाद करून गेला. (पाँटिंग केवढा भडकला होता!) उलट २०१९ला लॉर्ड्सवर ऑस्ट्रेलियाच्या स्मिथच्या मानेवर चेंडू बसला, तेव्हा त्याच्या जागी लाबुशेन आला तो कन्कशन रिप्लेसमेंट, म्हणजे डोक्याला मार बसून मेंदूला धक्का बसलेल्या खेळाडूच्या जागी पूर्ण खेळणारा बदली. त्याने रीतसर फलंदाजी करून ५९ धावा काढल्या. नाटकातला 'अंडरस्टडी' आणखी निराळा: भूमिका पाठ करून तयार राहायचं, मूळ नट आजारी पडला तरच एन्ट्री. सिनेमातला 'स्टँड-इन' तर लाइट लागेपर्यंतच उभा, शॉट सुरू झाला की बाजूला.