चर्च सोडावं का? मन लागत नाही आता (नाशिककरांनी सांगा प्लीज)

अंबड_सेकंडशिफ्ट
सलाम सगळ्यांना. चर्चचं नाव टाकत नाही, ओळखणारे ओळखतील. आमची चौथी पिढी या मंडळीत, पणजोबांपासून. संडे स्कूल, दृढीकरण, लग्न सगळं तिथंच झालं. मागच्या वर्षी पप्पा गेले, अकरा दिवस आयसीयूत होते. मी आयुष्यात कधी केली नाही एवढी प्रार्थना त्या अकरा दिवसांत केली, हॉस्पिटलच्या जिन्यात बसून. असो.

गेले त्या दिवशी सकाळी दफनभूमीच्या परवानगीसाठी गेलो तर कमिटीतले एक काका पावतीपुस्तक घेऊनच बसलेले, म्हणे अडीच वर्षांची वर्गणी बाकी आहे तुमची, तेवढं क्लिअर करा मग बघू. बॉडी घरी, आई एकटी, आणि मी तिथं उभा राहून जीपे करतोय आणि नेटवर्क येत नाहीये. ते विसरताच येत नाही मला. वर कमिटीच्या इलेक्शनवरून दोन गट, पाळकसाहेब (आमचे पास्टर) एका गटाच्या कारमध्ये फिरतात, शांतीच्या अभिवादनाला दुसऱ्या गटाचे हात पण मिळवत नाहीत.

पण माणसांचं जाऊ दे. खरं सांगायचं तर विश्वासांगीकार (आमचा विश्वास काय ते सगळे मिळून म्हणतात ते) म्हणताना 'शरीराचे पुनरुत्थान' आलं की माझं तोंडच बंद होतं. बाकीचं म्हणतो, तेवढं गाळतो. हे ढोंग नाही का? बायको म्हणते हॉलमधल्या फेलोशिपला जाऊ, तिथं कीबोर्ड ड्रम्स सगळं आहे, कोणी वर्गणी विचारत नाही. काय करू?

सातपूर_बुलेट
सोड भावा. देव काय त्या चार भिंतीत आहे का. जे मयताच्या दिवशी पावती फाडतात त्यांना कसली मंडळी म्हणायची. मी ६ वर्षं झाली गेलो नाही, घरीच बायबल वाचतो, झोप मस्त लागते. आणि कवी रेव्हरंड ना. वा. टिळकांनी पण १९१७ ला मिशनची नोकरी सोडून साताऱ्यात देवाचा दरबार नावाचा स्वतःचा गट काढलाच ना, तरी त्यांचीच भजनं म्हणतो आपण दर रविवारी.

निवृत्त_मास्तर_शरणपूर
सलाम बाळा. वडिलांचं वाचून वाईट वाटलं. पावतीचं जे झालं ते चूकच, त्याला माझ्याकडे कसलीही सारवासारव नाही. वार्षिक सभेत उभं राहून बोल, लेखी दे. मंडळीत राहायचं म्हणजे तोंड शिवून राहायचं असं कोणी सांगितलं?

आता तुझ्या ढोंगाबद्दल. योहानाचा २० वा अध्याय परत काढ. येशू मेलेल्यातून उठला यावर त्याचा शिष्य थोमाने शंका घेतली एवढंच आपण उपदेशात ऐकतो. पण बाकीचे दहा जण सांगताहेत आम्ही प्रभूला पाहिलं आणि हा म्हणतोय खिळ्यांच्या खुणा बघितल्याशिवाय मी मानणारच नाही, त्यानंतर मधे आठ दिवस गेले. आठ दिवसांनी शिष्य परत आत जमलेले आणि थोमा त्यांच्याबरोबर होता. म्हणजे विश्वास नसताना हा माणूस आठवडाभर त्यांच्यातच राहिला, आणि त्यांनी पण याला हाकललं नाही. मी शाळेत ३१ वर्षं शास्त्राचा तास घेतला, मला स्वतःला हे रिटायर झाल्यावर दिसलं, काय सांगू. तू ते एक वाक्य गाळतोस ना, गाळ. तुझ्या शेजारचा म्हणतोय तोवर चालेल. तो गाळेल तेव्हा तू म्हण.

पाळक असे तर त्यांच्या हातून प्रभुभोजन (भाकर-द्राक्षरसाचा विधी) कशाला घ्यायचं, हा प्रश्न चौथ्या शतकात उत्तर आफ्रिकेतच येऊन गेला. छळाच्या वेळी ज्यांनी घाबरून पवित्र शास्त्राच्या प्रती सरकारच्या हवाली केल्या, अशा पुढाऱ्यांच्या हातचे विधी चालतात का, यावरून मंडळी फुटली. संत ऑगस्टीनचं म्हणणं होतं, दान प्रभूचं आहे, देणाऱ्या हाताचं नाही. पटो न पटो, भांडण जुनं आहे.

आणि आमच्या शरणपूरचंच बघ. १८५४ साली वसवलं, शरण आलेल्यांचं पूर म्हणून शरणपूर. गुलामांच्या जहाजांवरून सोडवलेली आफ्रिकन पोरं इथं शिकली, सुतारकी लोहारकी शिकली. त्यातलाच जेकब वेनराइट, आफ्रिकेत फिरलेल्या मिशनरी लिव्हिंग्स्टनचा मृतदेह आफ्रिकेच्या आतल्या भागातून किनाऱ्यापर्यंत वाहून आणणाऱ्यांत होता, आणि १८७४ ला लंडनला वेस्टमिन्स्टर ॲबीत दफनाच्या वेळी पण हजर होता. आता कॅनडा कॉर्नरच्या ट्रॅफिकमध्ये हॉर्न मारताना कोणाला आठवतंय म्हणा. सांगायचं एवढंच की ही मंडळी सज्जन निवडून निवडून भरलेली कधीच नव्हती. ज्याला दुसरीकडे जागा नव्हती तो इथं आला. त्यात पावतीवाले काका पण आले, नाइलाज आहे.

सातपूरकर, टिळकांचं बरोबर आहे. पण ते घरी बसून राहिले नाहीत हो. त्यांनी परत माणसंच गोळा केली.

नाशिकरोड_मावशी
मी कॅथलिक, तुमचं इलेक्शन बिलेक्शन आमच्याकडे नसतं पण भांडणं असतातच. फेब्रुवारीत बाळ येशूच्या यात्रेला या एकदा, कुठून कुठून लोक येतात, धक्काबुक्की, चपला हरवतात, एक बाई रांगेत घुसली म्हणून मी तिला नको ते बोलले आणि मग तिच्याच शेजारी गुडघे टेकले 😄 शंकेचं म्हणाल तर मदर तेरेसांची पत्रं २००७ ला छापून आली त्यात वर्षानुवर्षं देव जाणवतच नव्हता असं त्यांनीच लिहिलंय. तरी पहाटेची प्रार्थना सोडली नाही.

एक विचारू का, राग नको मानू. वडील गेल्यावर तुमच्या घरी चूल बंद असेल, तेव्हा डबा कोणी आणला?

सातपूर_बुलेट
मास्तर मुद्दा बरोबर आहे तुमचा, पण सगळ्यांना आठ दिवसात उत्तर मिळत नाही. मला सहा वर्षं झाली.

निवृत्त_मास्तर_शरणपूर
हो, ते खरंय. यावर माझ्याकडे उत्तर नाही. येत्या रविवारी चहाला ये, चर्चला नको येऊस हवं तर.

अंबड_सेकंडशिफ्ट
शिफ्ट होती म्हणून उशीर. मावशी तुमचा प्रश्न वाचून आईला विचारलं कारण मला त्या दिवसांतलं काही आठवतच नाही. पाच दिवस डबे आले म्हणे, महिला संघाने आपसात वार लावून घेतले होते, दोन्ही गटांच्या बाया. तिसऱ्या दिवशीचा डबा त्या पावतीवाल्या काकांच्या घरून, काकू स्वतः रिक्षाने आल्या होत्या, पिठलं-भाकरी आणि ठेचा, आईशेजारी बसून तिला दोन घास खायला लावले. काकांना माहीत होतं की नाही कोण जाणे. तीन खणांचा स्टीलचा डबा, झाकणावर नाव कोरलेलं, वर्ष झालं आमच्याच फळीवर पडलाय.

म्हणजे काकांना मी माफ वगैरे केलं असं काही नाही. वार्षिक सभेत दफनाच्या दिवशी वर्गणी मागायची नाही असा ठराव मांडतोय, मास्तर तुम्ही म्हणालात तसं लेखी. सेकंड करायला कोण मिळतंय बघू. बायकोला म्हणालो तू फेलोशिपला जा, मी सध्या इथंच आहे, पुढचं पुढं.

रविवारी डबा परत द्यायचाय. आई म्हणते रिकामा देऊ नको, म्हणून पिंपळगावच्या मित्राला द्राक्षं आणायला सांगितलीत. वरच्या खणात मावतील का माहीत नाही.