शब्दचर्चा : 'चांगली नोकरी' आणि दोन 'बदल्या' (सोलापूरच्या बोलीवरची चर्चा; मजकुराच्या वरची नावे लिहिणाऱ्यांची टोपणनावे)

सुतगुंडी

'मुलाला चांगली नोकरी आहे' हे वाक्य सोलापुरात उठताबसता कानावर पडते. यातल्या 'चांगली'चा अर्थ काय धरायचा? पगार, कायमपणा, की सावलीत बसून करायचे काम? कोशात 'नोकरी'पुढे सेवा, चाकरी असे प्रतिशब्द देऊन विषय संपवलेला असतो. पण पूर्व भागात, रेल्वे लाईन्सला आणि अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत हा शब्द तीन वेगळ्या वजनांनी वापरला जातो. नोकरी, काम, चाकरी यांच्यातली रेघ कुठे पडते तेही सांगावे. उत्तरे बोलण्यातल्या वाक्यांसकट दिलीत तर बरे.

तिसरी पाळी

विशेषण बाजूला ठेवा, आधी क्रियापदे बघा. नोकरी 'लागते'. काम 'मिळते', आपल्याकडच्या बोलीत 'भेटते'. नंबर लागतो, लॉटरी लागते, वर्णी लागते, त्याच रांगेत नोकरी लागते, म्हणजे त्यात नशिबाचा वाटा गृहीत धरलेला आहे. 'काम लागलं' म्हणून बघा, अर्थच फिरतो: कुणाची तरी गरज पडली. 'कामाला लागला'चे तर दोन अर्थ आहेत. एक, रोजगार मिळाला. दुसरा, आळस झटकून सुरुवात केली. 'नोकरीला लागला'ला हा दुसरा अर्थ नाही. (नोकरीला लागलेला माणूस कामाला लागेलच असे भाषाही धरून चालत नाही म्हणायची!)

जातानाही फरक राहतो. नोकरी 'जाते' किंवा 'सुटते', आणि दोन्हींत नुकसान आहे. 'काम सुटलं' म्हणजे मात्र पाळी संपली, घरी चला.

आता मुख्य मुद्दा. 'टॉवेलच्या कारखान्यात काम करायलाय' असे आपण म्हणतो, पण 'रेल्वेत हाय', 'झेडपीत हाय', 'बँकेत हाय' एवढ्यावर वाक्य पुरे होते. तिथे ना 'नोकरी' हे नाम लागते ना 'करणे' हे क्रियापद. सप्तमीचा 'त' पुरतो. उलट 'एमआयडीसीत हाय' म्हटले की समोरून लगेच येते, 'काय करायलाय तिथं?' जिथे हा पुढचा प्रश्न येत नाही, ती नोकरी सोलापूरकराच्या लेखी चांगली. 'चांगली' हे विशेषण लावावे लागते तिथे थोडी शंका असतेच.

हजेरीपट

तिसरी पाळी, सप्तमीचा मुद्दा मान्य. पण कायमपणाचा खरा इतिहास 'बदली' या शब्दात दडलेला आहे, आणि नेमका तिथेच बाहेरगावचा वाचक फसतो.

सरकारी माणसाची 'बदली होते', म्हणजे जागा बदलते आणि नोकरी तशीच राहते. पंढरपूरहून करमाळ्याला बदली झाली म्हणून कितीही कुरकुर केली, तरी बदली कायम माणसाचीच होते. मिलमध्ये याच्या बरोबर उलट. तिथे माणसाची बदली होत नाही, तो स्वतःच 'बदली' असतो: बदली कामगार, किंवा नुसतेच 'बदलीवाला'. कायम कामगाराचा खाडा पडला तर त्याच्या जागी उभा राहणारा. पाळीच्या आधी गेटवर यायचे, कार्ड दाखवायचे, कोणत्या खात्यात माणूस कमी आहे ते जॉबरकडून (खात्याच्या मुकादमाकडून) कळेपर्यंत थांबायचे. नाव पुकारले तर आत, नाहीतर घरी. त्या दिवसाचे पैसे नाहीत. मूळ अरबी 'बदल' एकच, पण एका वाक्यात तो कायमपणाची खूण आहे आणि दुसऱ्यात नेमका त्याचा अभाव.

१८७७ साली सुरू झालेल्या, 'जुनी मिल' नावानेच ओळखल्या जाणाऱ्या मिलपासून गावाचे घड्याळ भोंग्यावर चालले, त्यामुळे 'कायम' आणि 'बदली' ही जोडी मिलबाहेरही पसरली. 'तो अजून बदलीतच हाय' असे जुनी माणसे कंत्राटी शिक्षकाबद्दलही बोलतात. जुने कागद वाचणाऱ्याने हे लक्षात ठेवावे. 'बदली कामगार'चा अर्थ 'बदली होऊन आलेला कामगार' असा लावलेली भाषांतरे आढळतात, आणि मग माणूस कुठून आला याचा फुकट शोध सुरू होतो.

माणसाला वर्षानुवर्षे बदली ठेवणे ही अनुचित कामगार प्रथा ठरते, असे महाराष्ट्राच्या १९७१ च्या कायद्याच्या अनुसूचीत लिहिले आहे. त्यात अट अशी की कायमपणाचे हक्क नाकारण्याचा हेतू दिसला पाहिजे. आदर्श स्थायी आदेशांतली (कामगारांच्या सेवाशर्तींच्या सरकारी नमुना नियमांतली) २४० दिवसांची रेघही त्याच घराण्यातली. १२ महिन्यांत २४० दिवस भरले की कायमचा दावा उभा राहतो, म्हणून ते भरायच्या आधी 'ब्रेक' द्यायचा. 'त्याला ब्रेक दिलाय' हे वाक्य एमआयडीसीत ऐकाल तेव्हा चहाची सुट्टी समजू नका.

सुतगुंडी

म्हणजे 'परमनंट' आणि 'कायम' एकच ना?

हजेरीपट

कागदावर एकच. बोलण्यात 'परमनंट' होतो तो माणूस आणि 'कायम' होते ती जागा. 'पोरगं परमनंट झालं' म्हणतात, 'पोस्ट परमनंट झाली' फारसे कुणी म्हणत नाही. आणि 'कन्फर्म' हा तिसराच प्रकार, त्याला यात मिसळू नका. परिविक्षेचे (प्रोबेशनचे) सहा महिने संपले की कन्फर्मचे पत्र येते, पण करार ११ महिन्यांचाच असेल तर माणूस कन्फर्म असूनही कायम नसतो. स्थळांच्या बायोडेटात हा घोटाळा सर्रास असतो.

ऊसपट्टा

जिल्ह्यातल्या साखर कारखान्यांचा शब्द राहिला: 'हंगामी कायम'. ऐकायला थंड उकळते पाणी, पण अर्थ पक्का आहे. गाळप सुरू झाले की या माणसाला बोलवावेच लागते, जागा त्याचीच. गाळप संपले की तो घरी, आणि बंद काळात ठरलेल्या हिश्शाने रिटेन्शन भत्ता. याच्या खाली रोजंदारी, वर बारमाही कायम. 'कारखान्यात हाय' म्हणणाऱ्याला ऊसपट्ट्यात एकच उपप्रश्न विचारतात: 'बारमाही का हंगामी?' तिसरी पाळींची सप्तमीची कसोटी इथे अर्धीच चालते.

हिशेबनीस

पगाराच्या शब्दांकडे कुणी वळले नाही. 'पगार' पोर्तुगीज 'पागार'वरून आला, त्याचा अर्थ पैसे चुकते करणे. 'पगार किती?' या प्रश्नाला सोलापुरात जोडप्रश्न असतो, 'हातात किती येतंय?' पुण्याला गेलेली मुले 'पॅकेज' सांगतात, आणि गावाकडच्यांचा गोंधळ तिथेच होतो, कारण पॅकेजमध्ये मालकाचा पीएफचा वाटाही धरलेला असतो.

उदाहरणच घेऊ. पॅकेज ३ लाख ६० हजार, म्हणजे महिना ३०,०००. मूळ पगार १५,००० धरा. मालकाचा पीएफ १२ टक्क्यांनी १,८०० आणि ग्रॅच्युइटीची (नोकरी सोडताना मिळणाऱ्या एकरकमी पैशांची) तरतूद ४.८१ टक्क्यांनी सुमारे ७२१, हे दोन्ही त्या ३०,०००च्या आतच. उरले २७,४७९. त्यातून स्वतःचा पीएफ १,८०० आणि व्यवसाय कर २०० गेला की हातात २५,४७९. यात महिना ३,००० 'व्हेरिएबल' असेल, म्हणजे वर्षाअखेरीस दिले तर दिले, तर दरमहा हातात साडेबावीस हजारही नाहीत. त्यातूनच पुण्याचे भाडे. म्हणून 'मोठं पॅकेज' आणि 'चांगला पगार' हे समानार्थी धरू नयेत. पॅकेज सांगतात, पगार होतो. 'आज पॅकेज झालं' असे कुणी म्हणत नाही.

आणखी एक शब्द: 'फंड', म्हणजे पीएफ. जुन्या मिल कामगाराच्या तोंडी 'फंड आणि ग्रॅच्युटी' हे जोडनामच असते. ग्रॅच्युइटीचे गणित असे: शेवटचा मूळ पगार अधिक महागाई भत्ता, भागिले २६, गुणिले १५, गुणिले वर्षे. १८,२०० रुपयांवर २० वर्षे भरली तर १८,२०० ÷ २६ = ७००; ७०० × १५ = १०,५००; आणि २० वर्षांचे २,१०,०००. चूक कुठे होते? लोक २६ऐवजी ३०ने भागतात आणि एका वर्षाची रक्कम १०,५०० ऐवजी ९,१०० वर येते. महिन्याला चार सुट्ट्या वगळून कामाचे दिवस २६ धरलेले आहेत, हे ध्यानात ठेवले की चूक होत नाही.

पूर्वभाग

पूर्व भागातल्या साखर पेठ, अशोक चौक या तेलुगूभाषक वस्तीची एक गंमत कुणी नोंदवली नाही. तेलुगूत 'उद्योगम्' म्हणजे पगारी नोकरी आणि 'पनि' म्हणजे काम. मराठीत 'उद्योग' म्हणजे कारखानदारी, नाहीतर 'नसते उद्योग'. त्यामुळे घरात तेलुगू आणि रस्त्यावर मराठी बोलणाऱ्याच्या 'त्याचा उद्योग चांगला आहे' या वाक्यातून ऐकणाऱ्याला चार माग असल्याचा भास होतो, आणि बोलणाऱ्याला म्हणायचे असते की तो पोस्टात आहे! कानडीतही 'उद्योग' नोकरीकडेच झुकतो. साध्या कामाला 'केलस'. 'पगार' मात्र उत्तर कर्नाटकाच्या कानडीनेही घेतला. तेलुगूत त्याला 'जीतम्'.

यंत्रमागावर जाणाऱ्याला मात्र तिन्ही भाषांत कुणी 'नोकरी' म्हणत नाही. तो 'मागावर जातो' किंवा 'नगावर हाय'. नगावर म्हणजे विणलेल्या चादरी-टॉवेलच्या संख्येवर मजुरी. ताणा तुटला तर गाठी मारायचा वेळ त्याचा. लाईट गेली तर तो तासही त्याचाच. जॅकार्डात (नक्षी विणणाऱ्या यंत्रात) पत्ता अडकून नक्षी चुकली तर नग 'सेकंड'मध्ये, म्हणजे दुय्यम मालात. माल जास्त निघाला की पैसे जास्त, त्यामुळे दिवाळीच्या आधीच्या महिन्यात नगावरचा माणूस पगारी माणसापेक्षा जास्त घरी नेऊ शकतो. तरीही सोयरीक ठरवताना 'पगारी' हाच शब्द जिंकतो.

सुतगुंडी

मग विडीकाम कुठे बसवायचे? 'ती विड्या करती' म्हणतात. नोकरी नाही, कामाला जाणेही नाही, कारण काम घरातच.

हजेरीपट

जाणे आहे, पण ते पान-तंबाखू आणायला आणि तयार माल द्यायला. पाने भिजवून मऊ करायची, पत्र्याच्या मापावर कात्रीने कापायची, तंबाखू भरून वळायची, दोरा बांधायचा, तोंड मुडपायचे. मजुरी हजारावर. पान फाटके निघाले तर पदरचे पान घालून हजार पुरे करायचे. तपासणीत काढून टाकली ती 'छाट', तिचे पैसे नाहीत. बोलीत ही नोकरी नाही हे खरे. पण १९६६ च्या विडी कामगार कायद्याने घरी बसून वळणाऱ्या बाईलाही कामगार मानले, म्हणून तिच्याकडे नोंदीचे पुस्तक असते आणि तिलाही फंड लागू होतो. कुंभारीच्या विडी घरकुलातली १०,००० घरे २००६ मध्ये विडी कामगार म्हणूनच बायकांना मिळाली. भाषा मागे राहिली आहे, एवढेच.

ऊसपट्टा

'उत्तम शेती, मध्यम व्यापार, कनिष्ठ नोकरी' अजून कुणी कसे आणले नाही?

तिसरी पाळी

आणू नका. त्या म्हणीत नोकरी कनिष्ठ आहे ती दुसऱ्याच्या हुकमाखाली राहावे लागते म्हणून. इथे आपण बघतोय ती पुढच्या महिन्याची शाश्वती. तराजू वेगळे. 'चाकरी' या शब्दाला त्या हुकमाचा वास अजून आहे, म्हणून तो आता सेवाचाकरीत आणि टोमण्यातच उरला. 'चांगली चाकरी' असे स्थळाच्या चिठ्ठीत कुणी लिहीत नाही.

पूर्वभाग

ग्रामीण भागातला 'सालगडी' तेवढा नोंदवा. तो 'सालानं राहतो', पाडव्याला साल बदलते, आधी उचल घेतलेली असते. इथे क्रियापद 'राहणे'. लागणे नाही, करणेही नाही.

सुतगुंडी

नोंदवले. टिपणात क्रम असा ठेवते: 'अमक्यात आहे' (नामाविना), मग 'नोकरीला आहे', मग 'कामाला जातो', 'नगावर आहे', 'सालानं राहतो'. 'विड्या करती' कुठे टाकू ते ठरेना, तिला वेगळी ओळ देते. 'बदली'च्या दोन नोंदी स्वतंत्र करून एकीतून दुसरीकडे 'पाहा' लिहिते. हजेरीपट, मिलमधल्या त्या कार्डाला बदलीवाले 'पास' म्हणत की 'कार्ड', तेवढे कळवा.