बार्टल फ्रेअरचे गोडवे किती दिवस गायचे?

कोटाबाहेरचा:
"मुंबईला मुंबई केली ती गव्हर्नर फ्रेअरनं. आपण कृतघ्न, त्याच्या नावाचा फ्रेअर रोडसुद्धा बदलून पी. डिमेलो रोड केला," असं परवा एकांनी इथं लिहिलं आणि खाली वाहवाची रांग लागली. वाचून डोकं फिरलं, म्हणून हा वेगळा धागा.

फ्रेअर १८६२ ते १८६७ गव्हर्नर होता. त्याच्या काळात कोट पाडला, चर्चगेट-बाजारगेटच्या वेशी गेल्या, खंदक बुजवले. हे खरंच. पण पैसा कोणाचा? अमेरिकेत यादवी पेटली, तिथला कापूस लिव्हरपूलला जायचा थांबला आणि इकडच्या कापसाला कधी नव्हे तो भाव आला. त्या पैशावर मुंबईत शेअरबाजाराला भूत लागलं. बॅकबे रेक्लमेशनचा ५,००० चा शेअर ५०,००० पर्यंत चढला. १८६५ त युद्ध संपलं, जुलैचे वायदे फिटेनात आणि घरंच्या घरं रस्त्यावर आली. बँक ऑफ बॉम्बेत सरकारची स्वतःची भागीदारी होती, तीही बुडाली. नाकाखाली हे सगळं चाललेलं असताना गव्हर्नरसाहेब भराव आणि इमारतींचे नकाशे पाहत होते.

या माणसाची खोड एकच, आधी करून मोकळं व्हायचं आणि मग वरिष्ठांना कळवायचं. मुंबईत ती खपली. १८७७ त तो दक्षिण आफ्रिकेत केपला हायकमिशनर म्हणून गेला. १८७८ च्या फेब्रुवारीत तिथलं मोल्टेनोचं निवडून आलेलं मंत्रिमंडळ बडतर्फ केलं आणि ११ डिसेंबरला झुलूंचा राजा सेत्शवायो याला निर्वाणीचा खलिता धाडला, की सैन्य मोडून टाक. मुदत तीस दिवसांची. लंडनला हे युद्ध नको होतं. पण तार तेव्हा केपपर्यंत पोचत नव्हती, पुढे बोटीनं आठवडे लागायचे, आणि ते आठवडे यानं वापरून घेतले. २२ जानेवारी १८७९ ला इसांड्लवानाला इंग्रजांच्या बाजूची १,३०० वर माणसं मेली. झुलूंची किती हजार गेली आणि त्यांचं राज्यच गेलं, ते वेगळं. ही माणसं त्या रस्त्याच्या हिशेबात धरणार की नाही?

ओव्हलचा_कट्टा:
पूर्ण जन्म फोर्टात नोकरी केली. दुपारचा डबा ओव्हलवर खाल्लाय. एका बाजूला विद्यापीठ, हायकोर्ट, दुसरीकडे मोकळं आकाश. ही जागा कोणी राखली? भिंती पाडून मिळालेली जमीन दलालांना विकून टाकणं सोपं होतं. फ्रेअरनं समिती नेमली, ट्रबशॉला आर्किटेक्ट नेमलं, कुठं काय उभं राहील ते आधी आखून घेतलं. आज एखादी गिरणी पडली की तिथं काय होतं ते मी सांगायला नको. आमच्या चाळीच्या पुनर्विकासात एका बिल्डरनं मुलांचं मैदान पार्किंगमध्ये घातलं आणि आम्ही अजून कोर्टात चपला झिजवतोय. त्यामुळे दीडशे वर्षांपूर्वी कोणी मैदान मोकळं सोडलं असेल, तर त्याचं नाव मी आदरानंच घेणार.

आणि साताऱ्याचं विसरलात. १८४८ त छत्रपती शहाजी उर्फ आप्पासाहेब वारले. मरताना दत्तक घेतलं होतं. तेव्हा साताऱ्याचा रेसिडेंट, म्हणजे दरबारातला कंपनीचा प्रतिनिधी, हाच फ्रेअर. दत्तक मान्य करा, राज्य खालसा करू नका, असं त्यानं स्पष्ट लिहून दिलं. समोर गव्हर्नर-जनरल डलहौसी होता. किती अधिकाऱ्यांच्या अंगात तेवढी धमक असते?

गणेशखिंड:
मैदानांचं कौतुक करताना पुण्याचं गव्हर्नमेंट हाउसही धरा. विद्यापीठाची मुख्य इमारत, तीच ती. १८६४ त काम सुरू केलं ते फ्रेअरनंच. खर्च इतका फुगला की पार्लमेंटात बोंब झाली. पाच वर्षं त्या बुरुजाखालून ये-जा केली, इमारत देखणी आहे, वाद नाही. पण पैसा रयतेचा होता.

माहुली_घाट:
साताऱ्याचं नाव काढलंत म्हणून लिहिते, नाहीतर या धाग्यात पडणार नव्हते.

धमक कसली? फ्रेअरनं विरोधात लिहिलं, ठीक. १८१९ चा तह कंपनीनं छत्रपतींच्या वारसांशीही केला होता, त्यामुळे ते लिहिणं त्याचं कामच होतं. पुढं काय झालं ते बोला. राज्य खालसा झालं आणि १८४९ त साताऱ्याचा कमिशनर म्हणून खुर्चीवर बसलं कोण? हाच. ज्या राज्याची बाजू घेतली, त्याच राज्याचा वसूल गोळा करायला बसला!

आमच्या घराण्याला महाराजांकडून मिळालेली इनाम जमीन होती. इनाम कमिशन आलं तेव्हा पणजोबांच्या वडिलांना सनद दाखवा म्हणाले, दाखवली तर शिक्का पटत नाही म्हणाले. जमीन गेली. आजीच्या ट्रंकेत त्या सनदेची नक्कल होती, पिवळी पडलेली, घडीवर फाटलेली. ती दाखवताना आजी दरवेळी रडायची. तुम्ही मला डलहौसीसमोरची धमक सांगता?

ओव्हलचा_कट्टा:
ताई, तुमच्या घराचं दुःख मोठं आहे, पण इनाम कमिशनचा कायदा १८५२ चा. फ्रेअर १८५० च्या शेवटी सिंधला गेला होता. तुमची जमीन त्याच्या डोक्यावर कशी घालता? आणि त्यानं काय करायला हवं होतं, राजीनामा? राजीनामा दिला असता तर त्या जागी डलहौसीचा होयबा आला असता.

माहुली_घाट:
हो, राजीनामाच! कंपनीनं गादीवरून काढलेल्या प्रतापसिंह महाराजांचे वकील रंगो बापूजी लंडनला तेरा-चौदा वर्षं खेटे घालत राहिले. त्यांना पगार कोण देत होतं? परत आले आणि १८५७ त मुलगा सीताराम गेंडामाळावर फासावर गेला. साताऱ्यात धमक म्हणजे ती. पेन्शनीतला एक रुपया न गमावता विरोधाचा कागद लिहिणाऱ्याची नाही. तारीख तुमची बरोबर, कमिशन त्याच्यानंतरचं. खालसाच्या यंत्रात तो होताच.

शरणपूर_रोड:
साताऱ्यावरच अडकलात. नाशिकचं कोणीच बोलत नाही. गुलामांच्या गलबतांवरून सोडवलेली आफ्रिकन मुलं मुंबईला आणायचे आणि शरणपूरच्या मिशनमध्ये ठेवायचे. आफ्रिकेचा शोधप्रवासी लिव्हिंग्स्टन १८६५ त मुंबईत आला तो फ्रेअरचा पाहुणा, आणि नाशिकची मुलं सोबत घेऊन गेला. त्यातलाच पुढचा जेकब वेनराइट, लिव्हिंग्स्टनचं शव घेऊन लंडनपर्यंत पोचला. १८७३ त पूर्व आफ्रिकेत झांझिबारला गुलामांचा बाजार बंद करायला गेला तोही फ्रेअरच. मोंबासाजवळ मुक्त गुलामांची वस्ती झाली, तिचं नाव फ्रेअरटाउन, आणि नाशिकची बरीच मंडळी तिथंच स्थायिक झाली. शरणपूर रोडवर राहणाऱ्या दहा जणांना विचारा, एकालाही ठाऊक नसतं. मला हे फार लागतं.

कोटाबाहेरचा:
नाशिकची गोष्ट मोलाची, स्वतंत्र धागा काढाच. पण झांझिबारचं अख्खं श्रेय त्याला नको. तो तह न घेताच परतला. सुलतान बरगशनं सही केली ती जूनमध्ये, नाकेबंदीची धमकी आल्यावर, आणि ती घेतली तिथला इंग्रज वकील जॉन कर्कनं. साताऱ्याच्या टिपणाबद्दल मानलं, लिहिलं नसतं तरी चाललं असतं, तरी लिहिलं. पण १८४८ त दुसऱ्याचं राज्य गिळू नका म्हणणारा माणूस १८७८ त सेत्शवायोला तीस दिवस देतो, हे मला पटवून द्या. झुलूंच्या सीमेच्या वादात इंग्रजांच्याच आयोगानं कौल बव्हंशी झुलूंच्या बाजूनं दिला होता, तोही यानं खलित्याच्या दिवसापर्यंत दाबून ठेवला.

ओव्हलचा_कट्टा:
झुलूंच्या बाबतीत बचाव करणार नाही. लंडननं ठपका ठेवला, १८८० त परत बोलावलं, योग्यच केलं. मैदानांबद्दल मात्र एक शब्द मागे घेणार नाही.

भाऊचा_धक्का:
वडील गोदीत हमाल होते. पाठीवर दोन मणांची पोती आणि काम रोजच्या रोज मिळेल याची खात्री नाही. डिमेलोंनी युनियन उभी केली तेव्हा कुठं हजेरी आणि पगार ठरला. तो रस्ता गोदीच्या भिंतीला लागून जातो. त्यावरून वडील चालत गेले, फ्रेअर नाही. ज्यांना मैदान आवडतं त्यांनी मैदानाला त्याचं नाव मागावं. रस्त्याला हात लावू नका.

ओव्हलचा_कट्टा:
रस्त्याचं मी मागितलंच नव्हतं, परवाच्या लेखकानं मागितलं. डिमेलोंचं नाव राहू दे.

माहुली_घाट:
मैदानालाही नको.