येत्या तीस-चाळीस वर्षांत माणूस आतून बदलेल का?

पहाटवारा

नमस्कार मंडळी. आठवडाभर एक गोष्ट डोक्यात घोळते आहे.

माझी मुलगी अकरा वर्षांची आहे. गृहपाठ करताना अडलं की एआयला विचारते. परवा त्याचं उत्तर दोनदा चुकलं, तेव्हा तिनं चिडून "तुला काहीच कळत नाही" असं टाइप केलं. मग थोडा वेळ गप्प बसली आणि मला म्हणाली, "बाबा, त्याला वाईट वाटलं असेल का?" मी म्हटलं, "छे गं, ते यंत्र आहे." तिनं लगेच विचारलं, "तुम्हाला कसं माहीत?" मला खरोखर सांगता आलं नाही.

चॅटजीपीटी ३० नोव्हेंबर २०२२ ला आलं, तेव्हा ती दुसरी-तिसरीत होती. यंत्र उत्तरं देत नव्हतं असा काळ तिला धड आठवणारही नाही. समाज बदलणार हे दिसतंच आहे. माझा प्रश्न आतल्या माणसाबद्दलचा आहे. आपली जाणीव, आपलं भान, दुसऱ्याकडे पाहण्याची आपली नजर येत्या काही दशकांत बदलेल का? एक जण म्हणतो नवं चैतन्य अवतरणार, दुसरा म्हणतो मेंदूत चिप बसणार. माझं दोन्हींनी समाधान होत नाही. कुणी आपल्या कामातून काही पाहिलं असेल तर लिहा.

जुनीवही

मेंदूची घडण तीस वर्षांत बदलत नाही. मेंदू वापरायची रीत मात्र एका पिढीत बदलते, आणि याचा पुरावा आहे.

अलेक्झांडर लुरिया हे सोव्हिएत मानसशास्त्रज्ञ १९३१-३२ मध्ये उझबेकिस्तानात गेले होते. तिथल्या निरक्षर शेतकऱ्यांना त्यांनी एक कोडं घातलं. दूर उत्तरेला, जिथे बर्फ असतो, तिथली सगळी अस्वलं पांढरी असतात. नोवाया झेमल्या दूर उत्तरेला आहे. तर तिथली अस्वलं कोणत्या रंगाची? थोडंफार शिकलेले लोक "पांढरी" म्हणून मोकळे झाले. निरक्षरांपैकी एकानं सांगितलं की मी काळं अस्वल पाहिलंय, दुसरं पाहिलेलं नाही. न पाहिलेल्या गोष्टीबद्दल आपण बोलत नाही, असं त्याचं म्हणणं.

यावरून तो शेतकरी मंद होता असं मी मुळीच म्हणणार नाही. नुसत्या शब्दांवरून निष्कर्ष काढायला तो तयार नव्हता, एवढंच. शाळेनं आपल्याला ती सवय लावली आणि तिचे फायदे मोठे आहेत. पण यापुढे आपल्यासमोर येणारे कितीतरी शब्द कुणीच न पाहिलेल्या गोष्टींबद्दल असतील, यंत्रानं जुळवलेले. त्या शेतकऱ्याचा "तू स्वतः पाहिलंस का?" हा प्रश्न पुढच्या पिढीला पुन्हा शिकावा लागेल असं मला वाटतं.

रात्रपाळी

पहाटवारा, तुमच्या मुलीचा प्रश्न मी वीस वर्षं रोज रात्री वेगळ्या रूपात पाहते आहे. मी मेंदूच्या अतिदक्षता विभागात नर्स आहे.

आमच्याकडे डोक्याला मार लागलेले, मेंदूत रक्तस्राव झालेले पेशंट असतात. डोळे उघडे, पण हाक मारली तर बघत नाहीत. बोट दाबायला सांगितलं तर दाबत नाहीत. बेडसोअर होऊ नयेत म्हणून दर दोन तासांनी त्यांची कूस बदलायची असते. मला शिकवणाऱ्या सिस्टरांचा एक नियम होता : हात लावण्याआधी नाव घ्यायचं, आपलं नाव सांगायचं, वार सांगायचा, आणि आपण काय करणार आहोत ते सांगायचं. "काका, मी आले. आज गुरुवार आहे. तुम्हाला डाव्या कुशीवर करते, थोडं दुखेल." उत्तर येत नाही. तरी दर वेळी सांगायचं. नवीन मुलींना सुरुवातीला हे भिंतीशी बोलल्यासारखं वाटतं, मलाही वाटायचं.

२००६ मध्ये एड्रियन ओवेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एका २३ वर्षांच्या तरुणीबद्दल लिहिलं. अपघातानंतर पाच महिने तिचा कसलाही प्रतिसाद नव्हता. तिला स्कॅनरमध्ये ठेवून सांगितलं की आपण टेनिस खेळतोय अशी कल्पना कर, नंतर आपल्या घरातल्या खोल्यांतून फिरतोय अशी कल्पना कर. दोन्ही वेळा मेंदूचे तेच भाग जागे झाले, जे धडधाकट माणसाचे होतात. २०२४ मध्ये याच पद्धतीचा मोठा अभ्यास आला. सांगितलेलं काहीही करून दाखवू न शकणाऱ्या २४१ पेशंटपैकी ६० जण मेंदूच्या आत ते करत होते. दर चौघांत एक! ते वाचलं त्या दिवशी मी आमच्या वॉर्डातले बेड मोजले.

आमच्या एका पेशंटला सहा आठवड्यांनी शुद्ध आली. पुढे बोलायला लागल्यावर एकदा मी पडदा सारून आत गेले, तर मी तोंड उघडायच्या आधीच तो म्हणाला, "आज कुठला वार?" आणि हसला. शेवटच्या काही दिवसांतलं त्याच्या कानावर राहिलं असेल, असं डॉक्टर म्हणाले. असेलही. पण त्यानंतर मी वार सांगायचा एकदाही विसरले नाही.

आता तुमच्या प्रश्नाकडे येते. माणसात नवी जाणीव उगवेल की नाही, त्यावर मी बोलू शकत नाही. पण 'याच्या आत कुणीतरी आहे' असं आपण कोणाबद्दल मानतो, ही रेघ माझ्या डोळ्यांदेखत सरकली आहे. १९८० च्या दशकापर्यंत नवजात बाळांच्या शस्त्रक्रिया पुरेशी भूल न देता होत असत. त्यांना आपल्यासारखं दुखत नाही असं समजलं जायचं, आणि भुलीच्या औषधाची भीतीही होती. १९८७ मध्ये कंवलजीत सिंग आनंद आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिलं की वेदनाशामक दिलेल्या बाळांच्या शरीरावर कमी ताण येतो आणि त्यांना त्रासही कमी होतो. बाळं तीच, त्यांचं रडणंही तेच. बदलली ती मोठ्यांची समजूत. हे चाळीस वर्षांपूर्वीचंच आहे, फार जुनं नाही. २०२२ मध्ये ब्रिटननं ऑक्टोपस आणि खेकड्यांनाही संवेदना असणाऱ्या जिवांत धरणारा कायदा केला. रेघ अजून सरकतेच आहे.

मला धास्ती वाटते ती वेगळ्याच गोष्टीची. माझ्या पेशंटच्या आत कुणीतरी असू शकतं, पण बाहेर खूण नाही. तुमच्या मुलीच्या यंत्राकडे खुणांची रेलचेल आहे, पण आत कुणी आहे याचा पुरावा नाही. आणि आपण माणसं खुणांना भुलतो. जो गोड बोलतो, लगेच उत्तर देतो, त्याच्याकडे आपलं मन धावतं. पुढच्या तीस वर्षांत बोलकी यंत्रं घरोघर असतील. तेव्हा जे बोलू शकत नाहीत त्यांच्या वाट्याची माया तिकडे वळली तर?

गणिती

एवढी मोठी विधानं करताना सावध राहिलेलं बरं. १९९८ मध्ये मेंदूशास्त्रज्ञ क्रिस्टोफ कॉख यांनी तत्त्वज्ञ डेव्हिड चामर्स यांच्याशी पैज लावली होती की २५ वर्षांत मेंदूतून जाणीव कशी निर्माण होते ते कळेल. जून २०२३ मध्ये कॉख यांनी न्यूयॉर्कला सर्वांसमोर हार मान्य केली. जी गोष्ट मुळात कळलेली नाही, ती कुठे जाणार हे कसं सांगणार?

सांगता येतं ते लोकसंख्येचं. संयुक्त राष्ट्रांच्या २०२४ च्या अंदाजानुसार २०८० च्या दशकात जगाची लोकसंख्या १०३० कोटींच्या आसपास शिखर गाठेल. त्याआधी, २०७० चं दशक सरता सरता, ६५ वर्षांवरचे लोक १८ वर्षांखालच्या मुलांपेक्षा जास्त होतील. माणसाच्या इतिहासात असं कधी झालेलं नाही. समाज आतून बदलेल तो यामुळे.

पहाटवारा

रात्रपाळी ताई, तुमचं लिहिलेलं दोनदा वाचलं. गणितींचे आकडे वाचून आणखी एक गोष्ट सांगावीशी वाटते. माझी आई आमच्याजवळच असते. गेली दोन वर्षं तिची स्मृती जाते आहे, शब्द सापडत नाहीत. मुलगी पूर्वी शाळेतून आली की आधी आजीपाशी बसायची. हल्ली बसत नाही. आजी उत्तर देत नाही, म्हणते. हे मी आत्तापर्यंत त्या एआयशी जोडून पाहिलंच नव्हतं. काय करू?

रात्रपाळी

गणितींचं आणि माझं म्हणणं इथे एकच होतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या आकड्यांनुसार २०२१ मध्ये जगात पाच कोटी सत्तर लाख लोकांना स्मृतिभ्रंश होता. वयस्कांची संख्या वाढेल तसा हा आकडाही वाढणार.

मुलीला ओरडू नका. "आजी उत्तर देत नाही" याचा अर्थ बऱ्याचदा "आजीला वेळ लागतो" असा असतो. यंत्र क्षणात बोलतं, त्यामुळे मुलांची थांबायची सवय मोडते, मोठ्यांचीही मोडली आहे. तिला सांगा की आजीच्या समोर, तिच्या डोळ्यांच्या पातळीवर बसायचं. "आज काय केलंस?" असा मोकळा प्रश्न नको, वस्तू हातात देऊन "हे हवं का?" असं विचारायचं. मग मनात दहा आकडे मोजायचे. दहा होईपर्यंत मधे बोलायचं नाही, आणि शब्दाऐवजी हात, भुवया, मान यांकडे बघायचं.

आणि यंत्राबद्दल विचारलं तर खरं तेच सांगा : बहुधा नाही, पण खात्रीनं कुणालाच माहीत नाही. तिला चिडल्यावर वाईट वाटलं, ते मात्र चांगलं आहे. ते पुसून टाकू नका.

पहाटवारा

काल संध्याकाळी मुलगी चित्रांची वही घेऊन आईसमोर जमिनीवर बसली. दोन चित्रं पुढे धरली आणि विचारलं, "आजी, कुठलं आवडलं?" मग ओठ हलवत आकडे मोजत राहिली. मी दारात उभा होतो. सात-आठपर्यंत काहीच झालं नाही, मलाच मधे बोलावंसं वाटत होतं. दहा झाले तरी मुलगी थांबून राहिली. मग आईचा हात हळूच उचलला गेला आणि तिनं डावीकडच्या चित्रावर बोट ठेवलं. त्यात एक झाड होतं.