मदत हवी आहे: पाळी जायच्या वयातल्या कामगार ताईंसाठी काय करता येईल?

भोसरीत आमचं छोटं पॅकिंग युनिट आहे. चौदा बायका, बहुतेक पंचेचाळिशीच्या पुढच्या. आमच्या सगळ्यात जुन्या ताई हल्ली लाइनवर उभ्या असताना एकदम घामाने भिजतात, ओढणीने मान पुसत राहतात. रात्रभर झोप नाही. परवा हळूच म्हणाल्या, "मॅडम, पंख्याखालची जागा मिळेल का?" फार वाईट वाटलं, हे माझ्या आधीच लक्षात यायला हवं होतं. जागा लगेच बदलली. पण हा त्रास काही वर्षंही चालतो, दोन दिवसांच्या रजेने भागत नाही. सुती युनिफॉर्म आणि बसायला स्टूल देतेय. सुपरवायझर पुरुष आहेत. ताईंना अवघडल्यासारखं न होता या सुपरवायझरांशी याबद्दल कसं बोलू? आणि युनिटवर येऊन बायकांशी मराठीत मोकळेपणाने बोलतील अशा स्त्रीरोगतज्ज्ञ कुणाला माहीत आहेत का?